ख्रिस्तपुराणानंतर आपण काय घडवले?

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते मराठी भाषेच्या गौरवाच्या दोन-चार ओव्यांमुळे. त्यांच्या ख्रिस्तपुराणातल्या उरलेल्या जवळपास अकरा हजार ओव्या फारसे कुणी वाचत नाही, चर्चमध्येही नाही. मराठी ख्रिस्ती कलेची आजची स्थिती मला या एकाच गोष्टीत दिसते. प्रतिभावंतांचा अभिमान आपल्याकडे भरपूर आहे, त्यांचे धाडस मात्र आपण पुढे चालवलेले नाही.

ते धाडस मोठे होते. 1579 मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने बायबलचे भाषांतर करण्याऐवजी पुराण रचले. नवख्रिस्ती शंका विचारतात, पाद्री-गुरू उत्तर देतो, कथा ओवीतून पुढे सरकते. उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचा सगळा पट इथल्या श्रोत्याच्या कानाला ओळखीच्या चालीत येतो. हा ग्रंथ 1616 मध्ये राचोलला रोमन लिपीत छापला गेला. गोव्यातल्या ज्या साष्टीत तो जन्मला, तिथली देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती आणि गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होते. ख्रिस्तपुराण वाचताना हे विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. लोकांपासून त्यांची पुराणे तोडली गेली होती, त्या पोकळीतच नव्या पुराणाला जागा मिळाली. तरीही मला वाटते, सत्ता धर्म बदलायला लावू शकते, ओवी लिहवून घेऊ शकत नाही. त्यासाठी परक्या माणसाला इथल्या छंदात वर्षानुवर्षे कान भिजवावे लागतात. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्धच हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. हा ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून आणि घरोघरच्या वाचनातून. 1907 मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तोवर ऐकणाऱ्यांनीच त्याला सांभाळले होते.

देवाने देह धारण केला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ गोष्ट. देह आला की बोली आली, ताटातले अन्न आले, अंगावरचे वस्त्र आले, गळ्यातला सूर आला. येशू गालीलातल्या माणसांशी बोलताना पेरणाऱ्याची, खमिराची, हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगतो आणि अर्थ लावायचे काम बऱ्याचदा ऐकणाऱ्यावर सोडतो. म्हणून कल्पनाशक्तीला बिचकणारी मंडळी आपल्या गुरूच्याच शिकवण्याच्या रीतीला बिचकत असतात. शुद्ध सिद्धांत सांभाळायचा म्हणून कला दाराबाहेर ठेवता येते, हा भ्रम आहे. कला बाहेर गेली की आत उरते ती नक्कल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हे पुरते उमगले होते. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना मिशनच्या उपासनेत जी गीते भेटली, त्यांतली कितीतरी इंग्रजी चालींवर बसवलेली होती. मराठी शब्दांचे आघात त्या चालींत अवघडून जात. टिळकांनी अभंग, पदे, भजने लिहिली आणि ख्रिस्ताला भक्ताच्या जिव्हाळ्याने हाक मारली. ते एकटे नव्हते. अहमदनगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा त्यांच्या आधीपासून होती आणि कृष्णराव सांगळ्यांसारख्या कवी-कीर्तनकारांनी ती वाढवली होती. टाळ-पेटीच्या साथीने पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात बायबलमधले आख्यान, असा तो घाट. टिळकांनी त्या वाटेवर अस्सल कवीची ताकद आणली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची शेकडो गीते आजही गायली जातात, आणि पंथांच्या भिंतीही त्यांना अडवू शकल्या नाहीत. 1917 मध्ये मिशनच्या चाकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. तो त्यांच्या कवितेचाच पुढचा टप्पा होता, असे मी मानतो.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले आणि ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पण लक्ष्मीबाईंची खरी देणगी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन. नवऱ्याच्या धर्मांतराने मोडलेला संसार, विटाळाच्या कल्पना मनातून गळून पडण्याची प्रक्रिया, मग स्वतःचा बाप्तिस्मा, हे सगळे ही बाई हसत-रडत, कुठेही प्रवचन न करता सांगते. धर्मांतराबद्दल इतके मोकळे, इतके जिवंत गद्य मराठीत दुसरे नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती मानाची, विधवांच्या दुःखाला तिने वाचा फोडली, पण तिथे उपदेश कथेच्या मानगुटीवर बसतो. लक्ष्मीबाईंकडे माणूस आधी येतो, म्हणून श्रद्धाही खरी वाटते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पदमनजी सोडले तर आपला हा इतिहास आपण बहुतेक ब्राह्मण कुटुंबांतून आलेल्या ख्रिस्ती लेखकांचा म्हणून सांगतो. नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज मात्र मुख्यत्वे महार आणि मांग वस्त्यांतून उभा राहिला. त्यांनी रात्ररात्र भजने म्हटली, नाताळला गाणी जुळवली, आख्यानांत आपल्या वाट्याचे दुःख ओतले. त्यातले छापले किती गेले? ज्यांना ख्रिस्ताने सर्वांत आधी माणूस म्हणून हाक मारली, असे आपण अभिमानाने सांगतो, त्यांचीच निर्मिती आपण जपली नाही. ही उणीव मला सर्वांत जास्त सलते.

चित्रकलेत आंजेलो द फोन्सेका. 1902 मध्ये गोव्यात जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला आणि गोव्याला परतल्यावर त्याने मरियेला साडी नेसवली. तिथल्या धर्मधुरीणांना ते रुचले नाही. त्याला आसरा मिळाला पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. 1967 मध्ये निधन होईपर्यंत तो रंगवत राहिला. त्याचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. बंगाली वळणाचा मवाळपणा त्याच्या काही चित्रांना फार गोड करून सोडतो, हे खरे. पण त्याची उत्तम मरिया घरातली वाटते. तिच्या चेहऱ्यात कोकणच्या बाईचा शहाणपणा आणि थकवा दोन्ही आहेत. त्याच गोव्यातल्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा अगदी उलट टोकाचा. त्याचे 1959 चे ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. काटेरी, कळवळलेला, जवळजवळ भयंकर ख्रिस्त. वेदना गुळगुळीत करणाऱ्या भक्तीला सोझाने दिलेला तो जाब आहे, आणि मला तो फोन्सेकाच्या शांततेइतकाच श्रद्धेच्या आतला वाटतो. आमच्या चर्चमध्ये मात्र या दोघांपैकी कुणीच नाही. तिथे साच्यातून निघालेला निळ्या झग्याचा प्लास्टरचा पुतळा असतो.

गाण्याची गत याहून वाईट. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लॅटिनमधून मराठीत आली, तेव्हा नव्या रचनांचा बहर यायला हवा होता. काही चांगली गीते आलीही. पण आज तरुणांच्या सभांत कीबोर्ड आणि ड्रमवर जे गायले जाते, ते पुष्कळदा इंग्रजी किंवा हिंदी गाण्याचे ओढूनताणून केलेले मराठी असते. टिळकांनी ज्यातून सुटका केली होती, तिथेच आपण आनंदाने परतलो आहोत. नव्या वाद्यांशी माझे भांडण नाही. गाणाऱ्याच्या उत्कटतेवरही मी शंका घेत नाही. पण इतकी उत्कटता उसन्या, मोडक्या शब्दांत खर्ची पडते, याचे वाईट वाटते. पाद्री घडवणाऱ्या संस्थांत ग्रीक शिकवतात, ते योग्यच आहे. तिथे ओवी आणि अभंगही शिकवले जावेत. कीर्तन करू शकणारे पाळक आता बोटांवर मोजावे लागतात.

जिवंतपणा शोधायचा तर वसईला जावे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुवार्ता’ मासिक पॅरिशच्या बातम्यांपलीकडे नेऊन त्याला मराठी साहित्यात स्थान मिळवून दिले. वसईची हिरवाई वाचवण्याच्या लढ्यात ते उतरले, आणि त्यांचे ‘सुबोध बायबल’ रसाळ मराठीत उतरले. 2020 मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते या दीर्घ कामामुळे. सिसिलिया कार्व्हालो, सायमन मार्टिन यांच्यासारखे कवी याच मातीतले. नाताळात वसईची पोरे बांबू, पेंढा, माती घेऊन गोठे उभारतात, त्यांतही मला प्रतिमा घडवण्याची खरी भूक दिसते. एखाद्या गोठ्यात बेथलेहेम वसईच्या वाडीत येते, विहीर आणि केळीसकट. ही पोरे पुढे जाऊन काय करतात? बहुतेकांना चर्च पुन्हा कधी काही घडवायला सांगत नाही. नवीन वेदी बांधायची झाली की कंत्राटदार कॅटलॉग उघडतो आणि समिती त्यातून मूर्ती निवडते. गोठा रचणाऱ्या त्या पोरांना समितीच्या बैठकीला बोलवावे, आणि पुढच्या वेदीच्या खर्चातला एक हिस्सा गावातल्या चित्रकारासाठी आधीच बाजूला काढावा.