गिफर्ड व्याख्याने : विद्वत्ता आणि श्रोता

अ‍ॅडम गिफर्ड यांच्या १८८५ च्या मृत्युपत्रानुसार स्कॉटलंडमधील चार विद्यापीठांत ही व्याख्यानमाला सुरू झाली. ईश्वरविषयक विचार विज्ञानाप्रमाणे चिकित्सेने मांडावा, वक्ता कोणत्याही धर्माचा वा धर्म न मानणारा चालेल, मात्र व्याख्याने सर्वांस खुली असावीत, अशी त्यांची अट होती. एडिंबरो येथे १९२७ मध्ये एडिंग्टन यांनी नित्याचे टेबल आणि विज्ञानातील बहुतांशी पोकळ टेबल यांची तुलना करून नवे भौतिकशास्त्र सामान्य श्रोत्याच्या आवाक्यात आणले. पुढील वर्षी त्याच विद्यापीठात व्हाइटहेड यांच्या दुर्बोध परिभाषेमुळे श्रोते गळाले. १९२९ मध्ये ग्रंथरूप झालेले तेच विवेचन मात्र तत्त्वज्ञानात मान्यता पावले. तथापि ग्रंथाच्या यशाने व्याख्यानाचे अपयश झाकले जात नाही. सार्वजनिक व्याख्यानाचे मूल्यमापन करताना वक्त्याच्या विद्वत्तेइतकेच श्रोत्याचे आकलनही विचारात घेणे आवश्यक ठरते.