शाळेची वर्षे आणि वार्धक्यातील स्मृती

वार्धक्यात बुद्धिव्यापारांचा जो ऱ्हास होतो, त्याची मीमांसा करताना आहार, व्यायाम, संगतसोबत, इतकेच नव्हे तर शिक्षणदेखील 'जीवनशैली' या एकाच सदरात घालण्याची प्रथा पडली आहे. अल्पसंख्य समाजांतील वृद्धांच्या बाबतीत ही प्रथा तपासून घ्यावयास हवी. शैली म्हटली की निवड गृहीत धरली जाते. येथे निवडीला अवसर किती होता, हाच मूळ प्रश्न आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वृद्धांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. स्मृती, भाषा इत्यादींच्या चाचण्यांत त्यांचे गुण गौरवर्णीय समवयस्कांपेक्षा सरासरीने कमी आढळतात. तुलना न्याय्य व्हावी म्हणून संशोधक उभय गटांची शालेय शिक्षणाची वर्षे जुळवून घेतात. परंतु सरकारी शाळांतील वर्णविभागणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरविली. तत्पूर्वी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या शाळांवरील खर्च अल्प असे, सत्रे तोकडी असत आणि कापूसवेचणीच्या हंगामात मुले शेतावर जात. अशा शाळेतील आठ वर्षे आणि सुस्थित शाळेतील आठ वर्षे कागदावर समान, वस्तुतः विषम होत.

जेनिफर मॅन्ली व त्यांचे सहकारी यांनी उत्तर मॅनहॅटनमधील वृद्धांविषयीच्या २००२ च्या निबंधात नेमके हे वैगुण्य हेरले. शिक्षणाची वर्षे जुळवूनही दोन गटांत अंतर उरले. शब्दवाचनाची क्षमता हिशेबात घेताच मात्र बहुतेक चाचण्यांतील अंतर लक्षणीय राहिले नाही. वंशाच्या नावावर मांडलेल्या फरकात शाळेच्या दर्जाचा वाटा किती मोठा असू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

या निष्कर्षालाही मर्यादा आहेत. वाचनक्षमता केवळ शाळेत घडत नाही. घरची सांपत्तिक स्थितीही तीत उमटलेली असते. शिवाय एकदाच घेतलेली चाचणी आयुष्याची शिदोरी मोजते, ती किती वेगाने सरत आहे हे सांगत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींची पुनःपुन्हा परीक्षा घ्यावी लागते. शिकागोतील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय वृद्धांविषयीच्या लिसा बार्न्स प्रभृतींच्या २००४ च्या निबंधात ही पद्धत अवलंबिलेली आहे. ज्यांचा गोतावळा मोठा व सामाजिक सहभाग अधिक, त्यांचा ऱ्हास मंद, असे तीत आढळले. तथापि, स्मृती ढळू लागलेला मनुष्य चारचौघांतून आपणहून मागे सरतो, ही शक्यता निरीक्षणात्मक अभ्यासाने सर्वस्वी निरस्त होत नाही.

हा केवळ पद्धतीविषयीचा वाद नव्हे. कमी गुणांवरून निरोगी वृद्धावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसू शकतो. उलट, गुणांत सवलत देण्याच्या भरात खरी व्याधी नजरेआड होऊ शकते. यावर उपाय अशक्य नाही. हरियाणातील बल्लभगड परिसरातील बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी हिंदी भाषेत चाचणी सिद्ध करण्यात आली व १९९५ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. परीक्ष्य व्यक्तीच्या आयुष्याला अनुरूप असे माप घडविता येते, याचा तो दाखला होय.

वृद्धाला चालण्याचा व लोकांत मिसळण्याचा उपदेश करणे गैर नाही. परंतु बालपणी ज्याला पुरती शाळा मिळाली नाही, त्याच्या उणिवेची नोंद 'सवयी'च्या रकान्यात करणे हे शास्त्र नव्हे. वार्धक्याच्या अभ्यासकाने आपले टिपण बालपणापासून आरंभिले पाहिजे.