वंशावळ कोणाची आणि कशासाठी?

१

आमच्या घरात 'वंशावळ' हा शब्द पहिल्यांदा आला तो सरकारी अर्जावर बसून. मी बारावी झालो होतो. पुढच्या प्रवेशासाठी जात पडताळणी करून घ्यायची होती आणि अर्जाला वंशावळीचे शपथपत्र जोडायचे होते. बाप अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात शेतमजूर, सहीपुरता शिकलेला. त्याने आपल्या आज्याचे नाव सांगितले आणि पुढे हात वर केले. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजा शाळेची पायरी चढलेला नव्हता, तेव्हा शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात त्याचे नाव सापडणे शक्यच नव्हते. शेवटी तहसिलीतल्या जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढली. थोरल्या काकाच्या जन्माची नोंद होती. मुलगा, बापाचे नाव सखाराम वल्द गोमा, जात महार. बस्स. काकाचे नाव नव्हते. ज्या बाईने त्याला जन्म दिला, तिचे तर नव्हतेच.

त्या चार शब्दांवर माझे शिक्षण पुढे सरकले. म्हणून त्या नोंदीविषयी मला कृतज्ञता आहे, आणि रागही आहे. या दोन्हींच्या मधोमध उभे राहून मला हा लेख लिहावयाचा आहे.

२

मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक ग्रंथप्रकार आहे. गेल्या शतकापासून अनेक घराण्यांनी मंडळे स्थापून, वर्गणी जमवून असे जाडजूड ग्रंथ काढले. मूळ पुरुष, गोत्र, मूळ गाव, शाखा, उपशाखा, कोण मामलेदार झाला, कोण विलायतेला गेला. वाचताना वाटते की या लोकांची स्मरणशक्तीच दांडगी. पण हा स्मरणशक्तीचा चमत्कार नाही. देशमुख-देशपांड्यांच्या दफ्तरांत पिढ्या जपल्या गेल्या त्या वतनाच्या तंट्यांपायी. वाटा कोणाचा, वडीलकी कोणाची, हे ठरविण्यासाठी वंशावळ लागे. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत नावे चढली, कारण तेथवर जाण्याची ऐपत होती आणि देवाच्या दारात उभे राहण्याची मुभा होती. वंशावळ ही मिळकतीची सावली आहे. ज्याच्या अंगावर मिळकतीचे ऊन पडले नाही, त्याची सावली कागदावर कशी पडणार?

अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात आम्हांला पाऊल टाकू द्यावे यासाठी १९२७ साली सत्याग्रहाचा लढा उभा करावा लागला. मग देवळाच्या वहीत आमच्या आज्याचे नाव नाही याचे आश्चर्य कशाला?

३

आता म्हणतात, काळ बदलला. घरबसल्या मोबाइलवर पूर्वज शोधता येतात. माझ्या पुतण्याने गेल्या दिवाळीत अशी एक साइट उघडली आणि मोठ्या उत्साहाने घराण्याचे झाड काढायला बसला. पहिलाच चौकोन आडनावाचा. त्याने माझ्या आत्याला विचारले, "आजी, पंजोबाचं आडनाव काय लावत?" आत्या म्हणाली, "आडनाव कायचं बाबू? आम्हाले त गाव महारच म्हने. शाळंत मास्तरनं लिवलं तवा आडनाव झालं."

या उत्तरात आपल्या संशोधनाची पहिली अडचण पुरती सांगितली गेली आहे. जुन्या कागदांत आमच्या माणसाचे नाव, त्यापुढे 'वल्द' म्हणून बापाचे नाव आणि आडनावाच्या जागी जात. नावही धड नाही. धर्माचा धर्म्या, गोविंदाचा गोंद्या. संगणकाला आडनाव सांगावे तर ते कागदात नाही. जात सांगावी तर गावातले सगळे महार एकाच रांगेत उभे राहतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. हे घराण्याचे झाड ज्या देशांत फोफावले, तेथे जनगणनेचे नावनिशीवार तक्ते राखून ठेवलेले आहेत. अमेरिकेत ते बहात्तर वर्षांनी खुले होतात, इंग्लंडात शंभर वर्षांनी. २०२२ साली अनुक्रमे १९५० आणि १९२१ चे खुले झाले. आपल्याकडे जनगणनेतून छापील आकडे उरले, माणसांची नावे उरली नाहीत. वऱ्हाडची १८८१ ची जनगणना किट्सने लिहून काढली. तिच्यात महार किती हे सापडेल, माझा पणजा सापडणार नाही. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातींवरचा १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ आज कोणालाही फुकट वाचता येतो. त्याच्या चौथ्या खंडात महारांवर लांबलचक प्रकरण आहे. उत्पत्तीच्या कथा आहेत, पोटजाती आहेत, लग्नाच्या आणि मरणाच्या चाली आहेत. तेथे जात आहे, माणूस नाही. आपल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. आपल्याला मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

येथे अमेरिकेतल्या काळ्या बांधवांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८५० आणि १८६० च्या तिकडच्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. मालकाचे नाव, आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामाचे नाव बहुधा नाही. मुक्त झालेली ही माणसे आपापल्या नावांनिशी सर्वत्र नोंदली गेली ती १८७० साली. अ‍ॅलेक्स हेलीचे 'रूट्स' १९७६ साली आले, तेव्हा त्या भिंतीपलीकडे पाहण्याची भूक जगाला कळली. त्यातल्या वंशशोधावर पुढे संशोधकांनी गंभीर आक्षेप घेतले, तेही आपण लक्षात ठेवले पाहिजे. भूक खरी असली म्हणून प्रत्येक पुरावा खरा ठरत नाही.

४

मग आपली वंशावळ कोठे आहे? माझे उत्तर असे की ती आपल्या आत्मकथनांत आहे, आणि समीक्षेने ती त्या अंगाने अजून पुरेशी वाचलेली नाही. 'बलुतं' १९७८ साली आले, 'तराळ-अंतराळ' १९८१ साली, 'अक्करमाशी' १९८४ साली, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ग्रंथरूपाने १९८६ साली. प्रस्थापित समीक्षेने यांना वेदनेचे दस्तऐवज म्हटले. मी म्हणतो, हे प्रति-कुलवृत्तांत आहेत.

'अक्करमाशी'च घ्या. बाप गावचा पाटील, आई महाराची. आणि शाळेत बापाचे नाव काय लावायचे हाच प्रश्न. आजीसोबत राहणारा आणि नातवाला जीव लावणारा दस्तगीर तर जातीचा नाही, धर्माचाही नाही. या माणसाला साइटवरच्या झाडात कोणत्या चौकोनात बसवणार? रक्ताचा आजा नाही म्हणून गाळणार? लिंबाळे यांनी त्याला गाळले नाही. कुलवृत्तांताचा सारा डोलारा ज्या शुद्ध बीजाच्या कल्पनेवर उभा आहे, तिला या पुस्तकाने चूड लावली. आणि बेबीताईंनी शीर्षकातच 'आमुचं' म्हटले. एका घराण्याचा मूळ पुरुष शोधण्याऐवजी त्यांनी अख्ख्या महारवाड्यातल्या बायांचे जगणे मांडले. वसंत मून यांच्या 'वस्ती'तही घराची भिंत अशीच पातळ आहे. आपले घराणे म्हणजे वस्ती, हा विचार आपल्या साहित्याने दिला.

पण येथेच थांबून आपली पाठ थोपटून घेणे मला मंजूर नाही. आपली बहुतेक आत्मकथने आई-बाप, फार तर आजा-आजीपर्यंत जातात. लेखक जेथवर पाहू शकला तेथवरच घर दिसते. त्यापलीकडे आपण एकदम हजार वर्षांची उडी मारतो आणि नागवंशावर जाऊन बसतो. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात मांडणी केली ती अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध म्हणून, तर्काने, पुराव्यांची छाननी करीत. आपण तिचा उपयोग घराण्याच्या बढाईसाठी करू लागलो, तर ज्याला नकार दिला त्याचीच नक्कल होईल. मला थोर मूळ पुरुष नको. मला गोमाची बायको कोण होती, ते हवे आहे.

५

ते कसे मिळेल? साधने अगदीच नाहीत असे नाही. जुने सातबारे, फेरफार आणि इतर महसुली कागद स्कॅन होऊन सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर चढत आहेत, अकोला-अमरावतीचेही आहेत. 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' यांतल्या सभा-परिषदांच्या वृत्तांतांत खेड्यापाड्यांतले कार्यकर्ते नावानिशी भेटतात. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. २०१७ पासून त्या 'पारी'वर ऐकता येतात, आणि त्यांत बाबासाहेबांवर ओव्या रचणाऱ्या बाया आपापल्या नावांनिशी आहेत. ज्या बाईचे नाव कोतवाल बुकाने नाकारले, तिचे नाव जात्याने राखले. ते संकलन मुख्यतः पुणे आणि मराठवाड्याकडचे. वऱ्हाडच्या बायांचे काय?

आणि सरकारचे म्हणाल, तर २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा वर्षानुवर्षे धूळ खात पडलेली मोडीतली दफ्तरे उघडली, वाचली, स्कॅन झाली. त्याचा मला मत्सर नाही. त्यावरून एवढेच सिद्ध होते की कागद मुके नसतात, ते वाचण्याची मागणी करणारा जोरात बोलावा लागतो. आपले विद्यार्थी अजूनही एका नकलेसाठी मजुरी बुडवून तहसिलीच्या पायऱ्या झिजवतात. कोतवाल बुके सर्वांना पाहता यावीत, ही मागणी आपण का करू नये?

मोडी वाचणारी पाच-दहा मुले आपल्यात तयार झाली पाहिजेत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी यंदा एक काम दिले आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी बसा, तिच्या आईचे आणि आजीचे नाव विचारा, माहेरचे गाव विचारा, तिच्याच बोलीत लिहून घ्या. पाट लागला असेल तर तसे लिहा, टाकलेली असेल तर तसे लिहा; लाजू नका. मात्र तिने 'नको' म्हटले तर वही मिटा.

मी स्वतः आत्यापाशी बसलो. म्हटले, माझ्या पणजीचे, म्हणजे तुझ्या आजीचे नाव सांग. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नाव कोन घेत होतं तिचं? समदे माहुलीवाली म्हनत." दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ढवळताना तिला एकाएकी आठवले. "ठमी," ती म्हणाली. "ठमाई मनत तिले म्हातारपनी."

शपथपत्रातल्या वंशावळीत ठमाईला जागा नाही. तेथे पुरुषाखाली पुरुष उतरत येतो. मी घरच्या वहीत गोमाच्या शेजारी तिचे नाव लिहिले आणि पुढे कंसात माहुली असे लिहिले. त्या नावाच्या गावे आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. त्यांतली तिची माहुली कोणती, ते आता शोधायचे आहे.