‘संत तुकारामा’तील जिजाई

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ हा बोलपट १९३६ साली प्रथम दाखविला गेला, मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिस येथे त्याचा गौरव झाला, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाविषयी आणि विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेवरील शांततेविषयी इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालण्याचे आमच्या मनात नव्हते. परंतु गेल्या पावसाळ्यात अमरावतीस आमच्या विद्यार्थ्यांनी तो दाखविला, तेव्हा आम्ही सहकुटुंब गेलो होतो. परत येताना आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, “यात तुकाराम बदलतो कुठं? तो तर पहिल्यापासून तसाच. बदलते ती बाई.”

आम्ही पंचवीस वर्षे वर्गात ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र शिकवीत आलो आहोत. सद्गुण उपजत नसतो आणि नुसत्या उपदेशानेही येत नाही. वाद्य वाजविता वाजविता जसा वादक घडतो, तसा न्यायाची कृत्ये करता करता मनुष्य न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे. या कसोटीस लावले असता बोलपटातील तुकोबांविषयी बोलण्याजोगे थोडेच उरते. परंपरेने सांगितलेल्या चरित्रात दुष्काळ आहे, अन्नावाचून गेलेली पहिली पत्नी आहे, बुडालेला व्यापार आहे. म्हणजे माणूस घडण्याची सारी भट्टीच तेथे आहे. बोलपट सुरू होतो तो ही भट्टी विझल्यानंतर. पागनिसांचे तुकोबा सर्व काही सोसतात, पण आत झगडताना दिसत नाहीत. आणि झगडा अटळ व्हावा अशा जागी चमत्कार धावून येतो. वह्या इंद्रायणीत जातात आणि वर येतात. भाविकास हे गोड वाटेल. नीतिशास्त्राच्या अभ्यासकास मात्र तोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखे होते.

सालोमालो हे पात्र या दृष्टीने अधिक उपयोगाचे आहे. तुकोबांचे अभंग तो स्वतःचे म्हणून गातो. वैद्याचे सांगणे लक्षपूर्वक ऐकून औषध न घेणाऱ्या रोग्याचा दाखला ॲरिस्टॉटलने दिला आहे, तो याच जातीच्या लोकांसाठी. (आम्हां अध्यापकवर्गाने येथे फार हसू नये.)

आता जिजाईकडे वळू. गौरी या नटीने ही भूमिका अशी केली आहे की, तिच्यात अभिनय कोणता आणि स्वभाव कोणता हे सांगता येऊ नये. प्रेक्षक तिला हसतात. म्हैस हाकणारी, नवऱ्यावर खेकसणारी, मूल आजारी पडले तेव्हा पायातील वहाण हाती घेऊन थेट देवळात शिरणारी ही बाई विनोदासाठी आणली आहे, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः घरात पीठ किती उरले आहे हे ठाऊक असलेले त्या घरातील ते एकच माणूस. तिचा राग हा मुलांच्या पोटाचा हिशेब आहे. शिवाजी महाराजांकडून आलेली वस्त्रेभूषणे पाहून ती हरखते, तिची मुले हरखतात. आणि ते सारे परत करावे लागते. आमच्या मते हा या बोलपटाचा कळस होय. तिला वैराग्य पटलेले नाही. ती आधी देते, समज मागाहून येते, तीही अर्धीमुर्धी. सद्गुण सवयीने मुरतो असे आम्ही फळ्यावर लिहितो, तो मुरताना कसा दिसतो ते येथे दिसते. तिची जीभ शेवटपर्यंत तिखटच राहते, ही दिग्दर्शकांची मोठी समज. आणि तुकोबा वैकुंठास निघतात तेव्हा जिजाई मागे राहते. चूल आहे, मुले आहेत.

मात्र येथे एक अडचण उभी राहते, आणि ती आम्हां वऱ्हाडातील लोकांस टाळता येत नाही. एकाच्या सद्गुणाची किंमत दुसऱ्याने मोजावी काय? अमरावतीत ज्यांची समाधी आहे त्या गाडगेबाबांनी चमत्कारांवर कधी भिस्त ठेवली नाही. गावात शिरावे, आधी खराट्याने गाव झाडावे, मग रात्री कीर्तनास उभे राहावे. सवयीने घडलेल्या चारित्र्याचा याहून चोख नमुना कोठे सापडणार? मुलीच्या बारशाला जातीची रीत मोडून त्यांनी दारू-मटणाऐवजी गोड जेवण घातले, तेव्हापासून ही घडण दिसते. पण १९०५ साली त्यांनी घर सोडले, तेव्हा कुंताबाई लेकरांसह मागे राहिल्या. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे हे बाबांचे आजोळ, तेथेच ते वाढले. अकोल्यास जाताना मूर्तिजापूर स्टेशन आले की, आम्ही मुलांना बाबांच्या गोष्टी सांगत असू. कुंताबाईंची एकही गोष्ट आम्ही कधी सांगितली नाही, हे त्या रात्री प्रथमच ध्यानात आले.

हे बोलून दाखविताच सौभाग्यवती म्हणाल्या, “जिजाईला निदान बोलू तरी दिलंय सिनेमात.”

या बोलपटावरील आमची जुनी टिपणे दुसऱ्या दिवशी काढून पाहिली. जिजाईच्या नावापुढे ‘कजाग’ एवढा एकच शब्द होता. तो खोडला आहे. त्या जागी काय लिहावे ते अजून ठरलेले नाही.