गरज आणि समाधान : माहिती-व्यवस्थेच्या मूल्यमापनातील एक प्रश्न

संस्थेच्या माहिती-व्यवस्थेचे मूल्यमापन ती वापरणाऱ्यांच्या समाधानावरून करावे, हा विचार आता रूढ झाला आहे. बेली व पीअर्सन यांनी १९८३ मध्ये समाधानाचे ३९ घटक मांडले. डॉल व तोर्कझादे यांनी १९८८ मध्ये आशय, अचूकता, मांडणी, सुलभता व समयोचितता या पाच अंगांची १२ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. या प्रयत्नांचे मोल मान्य केलेच पाहिजे. व्यवस्था रचणाऱ्याऐवजी वापरणाऱ्याचे मत त्यांनी प्रमाण मानले. तथापि समाधान मोजले म्हणजे गरज कळली, असे म्हणता येईल काय ?

रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये ग्रंथालयातील प्रश्नोत्तरांचे विवेचन करताना गरजेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिलीवर गरज अव्यक्त असते, दुसरीवर तिची जाणीव होते, तिसरीवर ती शब्दबद्ध होते. चौथीवर मात्र व्यवस्थेला उमजेल अशा भाषेसाठी तिला मुरड घातली जाते. प्रश्नावलीला जे समाधान आढळते, ते बहुधा या मुरड घातलेल्या प्रश्नाचे असते.

मराठी ग्रंथांच्या रोमन लिपीतील सूचीत हे स्पष्ट दिसते. शास्त्रीय लिप्यंतरानुसार 'ज्ञानेश्वरी'चा आरंभ 'जे' व 'एन्' या अक्षरांनी होतो. मराठी वाचक उच्चारास अनुसरून 'डी', 'एन्', 'वाय्' असे लिहितो. ही दोन रूपे जेथे एकमेकांशी जोडलेली नाहीत, तेथे ग्रंथ कपाटात असूनही तो नसल्याचे उत्तर मिळते. सरावलेला वाचक सूचीचे लेखन आत्मसात करतो व समाधानी ठरतो. नवखा निघून जातो आणि त्याचे मत नोंदलेच जात नाही. अशा वेळी वाढलेले समाधान हे व्यवस्थेच्या गुणाचे नव्हे, तर वाचकाने जुळवून घेतल्याचे गमक होय.

यास्तव प्रश्नावलीच्या जोडीला निष्फळ शोधांची नोंद तपासणे अगत्याचे आहे. तीत लेखनदोष असतील, ग्रंथ खरोखरच नसल्याची उदाहरणेही असतील. ती वेगळी काढावी लागतील. उरलेले शब्द मात्र मुरड पडण्यापूर्वीच्या गरजेचा पुरावा होत. वाचकाचा वेळ वाचवावा, हा दंडक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये घालून दिला. त्याची कसोटी समाधानाच्या आकड्यापेक्षा या निष्फळ शब्दांच्या यादीतच अधिक नेमकी लागेल.