‘फकिरा’तली हजेरी

अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) म्हणजे लाल बावटा कलापथकाचे शाहीर, कम्युनिस्ट. त्यामुळे ‘फकिरा’ (१९५९) वाचली की आपण ‘वर्गसंघर्ष’ असं लेबल लावून मोकळे होतो. पण त्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट आहे सरकारी हजेरी. मांगांनी ती द्यायची. गुन्हा एकच, जन्म. भूक वर्गाची, हजेरी जातीची. अण्णाभाऊ दोन्ही धरून ठेवतात. पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलंय, ते उगाच नाही. उणीव एकच : नायक फारच निर्दोष उतरलाय.

इथे तुळजापुरात समाजकार्यातल्या संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन : कादंबरी म्हणजे डेटा नव्हे. पण आपल्या प्रश्नावलीत कोणता प्रश्न विचारायचाच राहिलाय, ते मात्र ती दाखवते.