खरखरीआडचे गाणे

जुन्या तबकड्यांचे वेड ज्याला असेल त्याने नव्या मुंबईत बिऱ्हाड करू नये, असे माझ्या एका स्नेह्याचे ठाम मत आहे. त्यांचे म्हणणे असे की, सिडको जन्मली १९७० साली. तिने वसवलेल्या घरांना माळा नाही, अडगळीची खोली नाही, मग आजोबांचा कर्ण्याचा फोनो सापडायचा कुठे? खरे आहे. नेरूळच्या माझ्या घरात तबकडी औषधालाही नाही. पण संग्राहकांच्या कृपेने शंभर वर्षांपूर्वीचे गाणे आता मोबाइलवर येते. अडचण ते मिळण्याची नाही, ऐकण्याची आहे. घरातली तरुण मंडळी दहा सेकंद ऐकतात आणि म्हणतात, "किती किनरा आवाज! आणि ही खरखर!"

आवाज असा का, हे आधी पाहू. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यास ध्वनिमुद्रण केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाराने कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. एवढाच कारभार. खर्ज आणि अतितार दोन्ही त्या कर्ण्यात मरत. तंबोरा नाहीसा होई, तबल्याची नुसती थापटणी उरे. मेण पुढे हानोव्हरला जाई. तिथल्या जर्मन कारागिरांना कळावे म्हणून गौहरजान शेवटी आपले नाव इंग्रजीत ठणकावून सांगे. आपल्याला त्याचे हसू येते. तिला तो धंद्याचा भाग होता. १९२५ नंतर विजेवरचे मुद्रण आले आणि हलक्या आवाजालाही जागा झाली.

आणखी एक गोम आहे. त्या काळच्या साऱ्याच तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी कोरलेल्या नव्हत्या. ७४ ने कोरलेली तबकडी ७८ ने फिरवली की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, लयही पळते. तेव्हा "जुने लोक काय उंच गात!" हे कौतुक आणि "किनरा आवाज" ही तक्रार, दोन्ही थोडी जपूनच करावीत.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपास वेळ. पुष्कळ जाणते म्हणतात, हा गाण्याचा नुसता सारांश. मला ते पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० नंतरच्या तबकड्या घ्या. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, म्हणजे गळ्याने साठी ओलांडलेली. झिंझोटीतली ती ठुमरी ऐकताना काही कापले गेले असे कुठे वाटते? एक स्वर लावून ते त्यावर थांबतात, घड्याळाकडे पाठ करून थांबतात. ओव्हीला चार चरण पुरतात, तशी त्यांना तीन मिनिटे पुरतात.

पण माझा जीव अडकला आहे तो बाई सुंदराबाईंच्या लावण्यांत. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. 'एकच प्याला'ची पदे गुर्जरांनी लिहिली आणि त्यांच्या चालींमागे या बाई होत्या. प्रभातच्या 'माणूस'मधली (१९३९) गणपतची आईही त्यांचीच. बैठकीच्या लावणीत गाणारी उठत नाही. सारी अदा भुवईत, मानेत, बोटांत. तबकडीला यातले काहीच दिसत नाही. मग बाई काय करतात? भुवईच आवाजात आणतात. शब्द स्वच्छ टाकतात, ओळीचे शेवटचे अक्षर किंचित सोडून देतात, आणि त्या सोडण्यात समोरच्याकडे पाहिल्याचा भास होतो. सिनेमातल्या ढोलकीच्या कडकडाटावर वाढलेल्या कानाला हे फिके वाटेल. दोनदा ऐकावे, तिसऱ्यांदा मागितले जाईल. आणि "साफ केलेली" प्रत घेऊ नये. खरखर पुसणारे यंत्र बरोबर 'स' आणि 'श' यांची धारही पुसते, श्वासही पुसते; राहते ती इस्त्री केलेली बाई.

अर्थात तबकडीत आले तेवढेच गाणे नव्हे. ज्यांनी बालगंधर्वांना घडवले, १९१६ च्या 'स्वयंवरा'ला चाली दिल्या, त्या भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी नाही. कंपन्या खपणारा माल शोधत होत्या. अमेरिकेतही तेच. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर डोंगरातल्या ब्रिस्टल गावी यंत्र घेऊन गेला, तो धंद्यासाठीच. त्याला कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स गवसले, म्हणून तिकडच्या खेड्यातले गाणे आज ऐकायला तरी मिळते.

माझ्या इमारतीमागे जुने आगरी-कोळी गावठाण आहे. तिथे लग्नात अजून धवलारीण येते; हळदीपासून प्रत्येक विधीचे धवळे तिला तोंडपाठ असतात. गेल्या वैशाखात मांडवात ती गात होती आणि एका पोराने मोबाइल तिच्यापुढे धरला होता. पलीकडच्या गल्लीतला डीजेही त्यात पुरेपूर उतरला आहे. मी त्याच्याकडून ते मागून घेतले आणि, "साफ करून देऊ का काका?" असे त्याने विचारले तेव्हा नको म्हटले.